सगळ्यांना एकच ट्रेसिंग

ही गोष्ट मी घरातही कधी सांगितली नाही. त्या कोर्सचा विषय निघाला की काहीतरी दुसरंच काढायचो. आता वय झालं, पेन्सिल नीट धरवत नाही. जे घडलं ते निदान लिहून तरी ठेवावं.

नव्वदच्या दशकात मी साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि सांगलीच्या एका संस्थेच्या टपाली डिझाइन कोर्सची चित्रं घरी तपासायचो. विद्यार्थ्याच्या कामावर लाल पेन्सिल लावायची नाही, अशी आमची पद्धत. वर ट्रेसिंग पेपर लावून दुरुस्ती त्यावर काढायची. पद्धत चांगली होती. पण शाळेच्या परीक्षा आणि टपालानं येणाऱ्या चित्रांच्या गुंडाळ्या एकदमच अंगावर आल्या, तेव्हा मी पळवाट काढली. हळदीच्या पुडीचं वेष्टन हा सगळ्यांना एकच विषय होता. मी एकच दुरुस्ती ठरवली. नाव मोठं, मधोमध, चारी बाजूंनी ठसठशीत किनार. तीच गिरवून थप्पीभर कागद करून ठेवले आणि प्रत्येक चित्राला एकेक लावत गेलो. चित्रं पाहिलीच नाहीत.

आटपाडीच्या एका मुलीनं चित्र सुधारून पुन्हा पाठवलं. मी तोच कागद लावला. तिनं परत पाठवलं. परत तोच.

संस्था सांगलीत अधूनमधून रविवारी वर्ग भरवायची, तिथं आम्ही तपासणारे शिक्षक विद्यार्थ्यांना भेटायचो. अशा एका वर्गाला ती वडिलांना घेऊन आली. तिन्ही चित्रं तिनं टेबलावर मांडली.

"सर, किनार तुम्ही सांगितली तशी घातली. मग वाटलं बारीक झाली असेल, म्हणून जाड केली. अजून कुठं चुकतंय?"

तिसऱ्या चित्रात किनारीशिवाय काही उरलं नव्हतं. पहिल्यात मात्र मोकळ्या पिवळ्या जागेत एकच वाकडं, ओलं हळकुंड होतं आणि खाली बारीक अक्षरात नाव. इतकं नेमकं काम माझ्याही हातून कधी झालं नव्हतं.

वडील म्हणाले, "आवं सर, आमाला त्यातलं काय कळत न्हाई. पोरीच्या हातात हाय का न्हाई, तेवढं सांगा. हाय म्हणाला तर शिकवतो, न्हाईतर पावणं बघून ठेवल्यात."

"आबा, पावण्यांचं हितं कशाला?"

"मग कुठं, एसटीत सांगू व्हय?"

शेजारच्या टेबलावरचे शिक्षक हसले. त्यांच्यादेखत कसं सांगायचं, की मी चित्रं न बघताच कागद चिकटवतो? मी म्हणालो, "अजून बरीच मेहनत लागेल."

"म्हंजे न्हाई," वडील म्हणाले, आणि त्यांनी चित्रं गुंडाळली. त्यानंतर तिचं टपाल आलं नाही.

काही वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी आटपाडीला गेलो होतो. स्टँडवर तिनंच हाक मारली. कडेवर मूल होतं.

"माझ्या हातात नव्हतंच सर. तुम्ही वेळेवर सांगितलंत, बरं झालं. आबांना उगाच आशा लागली असती."

तुझं पहिलंच चित्र बरोबर होतं, मी ते पाहिलंच नव्हतं, मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. मी मुलाच्या गालाला हात लावला आणि विचारलं, "नाव काय ठेवलं?"