डॉक्टरचं बोट

माफिया खेळताना तुम्हाला डॉक्टरची चिठ्ठी आली ना, तर आधी माझं ऐका, कारण आमच्या गावात माझ्याइतका भारी डॉक्टर कुणी नव्हता! पहिल्याच रात्री स्वतःला वाचवायचं नाही. जो सगळ्यात जास्त बडबडतो त्याला वाचवायचं, खुनी आधी त्यालाच उडवतात. दिवसा खुनी शोधायची चर्चा चालते तेव्हा गप्प बसलात की संपलात, म्हणून कुणावर तरी उगाच ओरडायचं. आणि एकाच माणसाला सारखं सारखं वाचवायचं नाही. कधीच नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरी डॉक्टर झालो की मी दर डावात तिलाच वाचवायचो.

ती आमच्याच गल्लीतली. पावसाळ्यात साखर कारखाना बंद, त्यामुळे ऊस ओढायची ट्रॉली आमच्या शेडात रिकामी उभी असायची. रविवारी दुपारी आम्ही सगळे त्यात चढून बसायचो. खेळ चालवायचा तिचा चुलतभाऊ, सुरतला शिकायला होता तिथून शिकून आलेला. भर दुपारी तो ओरडायचा, "रात व्हयनी, डोया झाका सर्वा!" मग खुनी तेवढे डोळे उघडून कुणाला मारायचं ते दाखवणार, नंतर डॉक्टर बोटाने दाखवणार कुणाला वाचवायचं. बाकी सगळे डोळे मिटून. बघतो फक्त तो एकटा.

म्हणजे ज्याला कळायला नको, तोच! आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कारण ती समोर डोळे मिटून बसलेली असायची आणि मला तिच्याकडे हवं तितकं बघता यायचं.

कॉलेजचं शेवटचं वर्ष संपलं, नोकरी लागली, की तिला सांगायचं हे मी ठरवलेलं. आमच्याकडे एका गल्लीतली पोरं भाऊबहीणच धरतात, त्यामुळे अवघड होतं. पण तिने मला कधी भाऊ म्हटलं नव्हतं. तेवढ्यावर मी जगत होतो.

मग तो डाव. दिवसा मीच ट्रॉलीत उभा राहून ओरडलो, "हाईच खुनी शे! देखा कशी हासी ऱ्हायनी!"

"तुन्हं डोकं फिरनं का रे?" ती म्हणाली.

कुणाला बाहेर काढायचं यावर मतं पडली, ती थोडक्यात वाचली. पुन्हा रात्र. डॉक्टरने डोळे उघडावेत. मी उघडले आणि बोट केलं. तिच्याकडे.

आत्ताच जिला खुनी म्हटलं, तिला वाचवतोय! तिचा भाऊ माझ्या बोटाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर, डोया झाक."

राखीच्या दिवशी तो तिला घेऊन आमच्या घरी आला. तिच्या हातात ताट.

"बस रे डॉक्टर, हात पुढे कर," तो म्हणाला.

"माले काबर?"

"काबर म्हंजे? दर डावले तिले वाचाडस तू. सख्खा भाऊ बी इतलं करत नही."

आई स्वयंपाकघरातून बघून खूश. मी त्याच्याकडे बघितलं. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर निदान भांडता आलं असतं.

"खरंच?" तिने विचारलं. "तू वाचाडे माले?"

सगळं तोंडापर्यंत आलेलं हो! तिचा भाऊ दारात उभा, आई मागे.

"मंग? कच्ची खेळस तू," मी म्हणालो.

ती खळखळून हसली, राखीची गाठ घट्ट केली आणि म्हणाली, "भाऊ, पेढा खा."

आधी शहाद्याला जाताना एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी ती उभी राहायची, गावातले लोक बघतात म्हणून. आता लांबूनच हात करते आणि बिनधास्त येऊन शेजारी बसते. परवा मोबाईल माझ्यापुढे धरला. घरच्यांनी तिला एका मुलाचा फोटो पाठवलेला.

"भाऊ, देख ना. कसा शे?"

मी बघितला. झूम करून नीट बघितला.

"चांगला शे," म्हटलं.