दादाला आवडलेली बीअर

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आई माझ्याशी फारसं बोललीच नाही. एस.टी. स्टँडवर तिच्या सगळ्या सूचना दादाला चालल्या होत्या. "हिला एकटीला कुठं धाडू नगंस. कंपनीत सोडायला तूच जा, आणायलाबी तूच जा. मुंबई हाय ती." दादा माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसून मान डोलवत होता. त्याच्या मांडीवर तांदळाची पिशवी होती आणि तांदळावर फडक्यात गुंडाळलेला त्याचा व्हर्नियर कॅलिपर, लोखंडाची जाडी केसाएवढ्या फरकापर्यंत मोजायचं हत्यार. ओळखीचं कुणी भेटलं की तो म्हणायचा, "नोकरी हिला लागली, बदली माझी झाली." लोक हसायचे, तोही हसायचा. गाडी हलली तेव्हा आईनं खिडकीतून हात आत घातला, तो त्याच्या डोक्यावर ठेवायला.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आबा, आमचे वडील, हायस्कुलात शिपाई होते. मी बारावीला असताना ते गेले आणि त्यानंतर माझ्या बी.एस्सी.च्या फीपासून वसतिगृहाच्या जेवणापर्यंत सगळं दादाच्या लेथवर चाललं. गावातल्या वर्कशॉपमध्ये त्याच्याइतका हात कुणाचा बसत नव्हता. मला नवी मुंबईतल्या एका बीअरच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, तेव्हा आईची अट एकच होती. संजू बरोबर जाईल तरच शालन जाईल. कंपनी कसली आहे, हे आईला दादानंच सांगितलं. "बाटल्या भरत्यात. कोल्ड्रिंकसारखंच असतंय." आईनं पुढं विचारलं नाही.

ऐरोलीला आम्ही खोली घेतली. तेव्हा तिथं इमारती कमी आणि मोकळी जागा जास्त होती. खाडीकडून खारट वारा यायचा, संध्याकाळनंतर बसची खात्री नसायची, दळण आणायला पार लांब जावं लागायचं. आता खाडीवर मुलुंडला जायचा पूल होत आलाय, सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन बसलेत, माझ्याही बोलण्यात 'टेन्शन' आणि 'ॲडजस्ट' आलंय. दादाला जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये लगेच काम मिळालं. लेथवर हात चालणाऱ्या माणसाला तिथं कुणी गावाचं नाव विचारत नव्हतं.

माझं काम आधी बाटलीतले जंतू तपासायचं होतं. पुढं प्रयोगशाळेच्या साहेबांना कळलं की माझी जीभ चांगली आहे, आणि मला चव घेणाऱ्या गटात घेतलं. न पिणाऱ्या घरातली मी, मला रडू आलं होतं. साहेब म्हणाले, "प्यायची नाही. घोटभर घ्यायची आणि सांगायचं." सकाळी अकराच्या सुमाराला, जीभ ताजी असताना, आम्ही पाचजण एका खोलीत बसायचो. चहा प्यायचा नाही, डोक्याला वासाचं तेल लावायचं नाही. समोर रंगीत काचेचे ग्लास, म्हणजे रंग बघून मत बनू नये. ग्लासांवर नुसते आकडे, म्हणजे आपली कुठली आणि दुसऱ्यांची कुठली ते कळू नये. मधे मधे पाणी आणि साधं बिस्किट. मी शिकत गेले. जुनी झालेली बीअर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. नीट आंबली नसेल तर लोण्याचा वास येतो. उन्हात राहिलेली बाटली नाकाला लगेच कळते. प्रत्येक ग्लासाला आम्ही गुण द्यायचो, वासाला वेगळे, कडवटपणाला वेगळे, घोट गिळल्यावर मागं जे राहतं त्याला वेगळे. मला हे काम आवडायला लागलं हे मी कबूल करते. आपल्यात असं काही आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पिणाऱ्यांचे गुण मात्र वेगळे होते. ते मला आमच्या सेल्सच्या पाटणकरांकडून कळले. दादरला वाढलेला, तोंडाचा गोड माणूस. ते म्हणायचे, "मॅडम, तुमचं लोणी नि पुठ्ठा लॅबमध्ये ठेवा. पब्लिक तीन गोष्टी बघतं. थंड आहे का, चढते का, सकाळी डोकं धरतं का." एकदा त्यांनी मला वाशीतल्या एका बारच्या फॅमिली सेक्शनमध्ये नेलं, लोक पितात कसे ते दाखवायला. शेजारच्या टेबलावर दोघं बसले होते. एकानं बाटली उघडली, तोंडावर अंगठा धरून ती उलटी केली आणि पाण्यानं भरलेल्या ग्लासात तिचं तोंड बुडवून अंगठा काढला. पाण्यात काहीतरी दाट धुरासारखं उतरताना दिसलं.

"बघ, बघ, ग्लिसरीन निघालं," तो सोबत्याला म्हणाला. "हेच डोक्यात जातं."

"तुझ्या डोक्यात जायला जागा आहे का पण?" सोबती म्हणाला.

मी पाटणकरांना हळूच सांगितलं की ते ग्लिसरीन नाही, पाण्यापेक्षा जड असलेली बीअरच खाली उतरते आहे. ते म्हणाले, "मॅडम, त्याला बरं वाटतंय ना? मग उतरू दे."

दादानं पहिल्यांदा कधी घेतली ते मला नक्की सांगता येणार नाही, पण मला कळलं कसं ते सांगते. गावी काम सुटलं की तो तालमीच्या कट्ट्यावर बसायचा, तिथं अर्धा गाव त्याला हाका मारायचा. ऐरोलीत तो सातला घरी यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. मी कामावरून येऊन स्वयंपाक करायची, ऑफिसातलं बोलायची, तो "हं" म्हणायचा. मग एक दिवस तो उशिरा आला. दार उघडलं आणि तो बोलायच्या आधी मला वास आला. नुसता बीअरचा नाही, कुठल्या लेबलची तेही कळलं. इतकी मी तयार झाले होते.

तोच म्हणाला, "बीअर हाय गं. दारू न्हाई. आन्‌ तुमचीच हाय, दुसऱ्याची न्हाई घेतली."

मोठा भाऊ, त्यात ज्यानं शिकवलं असा. मी पानं घेतली.

दोन वर्षांनी आईनं त्याचं लग्न केलं, तिला वाटलं घरात माणूस आलं की तो रमेल. सुनंदावहिनी आल्या. त्या स्पष्ट होत्या. पहिल्या महिन्यातच मला म्हणाल्या, "वन्सं, तुमी तिथं एक घोट घेऊन चांगली-वाईट सांगता म्हणं. मग ह्येंना सांगा की, वाईट हाय म्हणून. तुमचं पटंल त्यांना." मी सांगून पाहिलं. दादा हसला. "तूच पास करतीस आन्‌ तूच वाईट म्हणतीस?"

याच सुमाराला कंपनीनं एक स्ट्राँग बीअर काढायचं ठरवलं. बाजारात चालणार की नाही बघायला एका रविवारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आसपासच्या कारखान्यांतले नेहमीचे पिणारे बोलावले होते. पाटणकरांच्या माणसांनी पावणे वसाहतीतूनही लोक गोळा केले, आणि त्यांत दादा होता. मला तो दारातून येताना दिसला. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले, जसा एखादा मुलाखतीला जातो. मला बघून त्यानं लांबूनच हात केला.

सगळ्यांसमोर तीन-तीन ग्लास होते. बाकीचे "बरी आहे", "मस्त आहे" एवढंच म्हणत होते. दादाची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला. पाटणकर म्हणाले, "बसून बोला ओ साहेब." त्याला आजवर कुणी साहेब म्हटलं नसेल. तो बसला नाही.

"ही पहिली म्हंजे पावण्यारावळ्यांचं सरबत," तो म्हणाला. लोक हसले. "दुसरी बरी हाय, पण तोंडातनं गेल्यावर विसरती. ही तिसरी... ही घशातनं जाताना कळती. दिवसभर मशीनचा आवाज कानात असतोय बघा, घरी गेलं तरी. हिच्या अर्ध्या ग्लासात तो थांबला."

पाटणकरांनी टेबलावर थाप मारली. "वा! हाच आपला माणूस." त्यांनी त्याला कंपनीचा टी-शर्ट दिला, हस्तांदोलन केलं. घरी जाताना बसमध्ये दादा मला म्हणाला, "तुझ्या कंपनीत माझाबी एक नंबर आला गं." त्याच्या तोंडावर असा आनंद मी त्याआधी माझ्या निकालाच्या दिवशीच पाहिला होता.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. पाटणकरांनी फळ्यावर एक माणूस लिहिला. वय तिशीच्या आत-बाहेर. हातानं काम करणारा. घर गावाला, मन तिकडंच. इथं मित्र कमी. रोज पितो, एक म्हणतो, दोन घेतो. चवीची तक्रार करत नाही, मात्र चढली नाही तर ब्रँड बदलतो. "हे आपलं गिऱ्हाईक," ते म्हणाले. साहेबांनी मान हलवली. मी वहीत लिहीत होते, ते थांबलं.

मी म्हणाले, "सर, हा माणूस आजारी पडेल."

पाटणकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खडू खाली ठेवला आणि समजुतीनं म्हणाले, "मॅडम, हा एक माणूस नाहीये. असे खूप आहेत. आपण नाही दिली तर दुसरा देईल."

बीअर बाजारात आली आणि चालली. दादानं ती आपली मानली. मित्रांना म्हणायचा, "ही मी पास केली." कंपनीच्या जेवणात कुणी मुलाचं कौतुक सांगावं तशा आवाजात. मी राजीनाम्याचं मनात आणलं, आणि एका संध्याकाळी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "तू नोकरी सोडलीस तर मग मी हितं कशापायी आलो?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग त्याचे हात गेले. एकदम नाही. आधी सकाळी हातातली चहाची बशी थरथरून वाजायची. मग दाढी करताना कापायला लागलं. वर्कशॉपच्या मालकानं त्याला लेथवरून काढून पॅकिंगला बसवलं. माणूस चांगला म्हणून घालवला नाही, एवढंच. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि बंद करायला सांगितलं, पण असंही म्हणाले की घरी एकदम तोडू नका, झटके येऊन जिवावर बेततं, इथं येऊन आमच्या देखरेखीत सोडा. दादा म्हणाला, "बघू." सकाळी एक बाटली घेतली की हात थांबायचा, तासभर अगदी पहिल्यासारखा. त्या तासात तो वहिनींना भाजीही चिरून द्यायचा. वहिनींनी भांडणं सोडून दिली होती. त्या नुसत्या सुरीकडे बघत बसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं गावी गेलो. दादानं गाडीतच सांगितलं, "आईसमोर न्हाई घ्यायची. आठ दिस न्हाई म्हंजे न्हाई." आम्हांला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, पण त्याचा तो निश्चय मोडायचं धाडस ना माझ्यात होतं, ना वहिनींत. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घामानं भिजला होता, हात मांडीखाली दाबून ओसरीत बसला होता. आईनं चहाचा कप दिला, तो त्याला धरता येईना. आईला वाटलं हिवताप. तिनं त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं, शेजारी बसली आणि कप आपल्या हातानं त्याच्या ओठाला लावला. "तिकडचं पाणी बाधलं रं तुला," ती म्हणत होती. "शालन, लक्ष ठिवायचं न्हाईस व्हय गं भावावर?" दादा चहा पितापिता माझ्याकडे बघत होता. तो काही मागत नव्हता. तो घाबरला होता.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जावा वन्सं."

स्टँडजवळ दुकान होतं. गावात मला सगळे ओळखतात, आबांची पोरगी, बी.एस्सी. झालेली. मी पदर सारखा केला आणि दुकानाच्या जाळीसमोर जाऊन उभी राहिले. आतला माणूस गोंधळून उठला. "ताई? पावणं आल्यात व्हय?"

"एक बीअर द्या."

"कंची देऊ?"

मला सगळ्या लेबलांचे गुण पाठ होते. मला एकही नाव सांगता येईना.

त्यानंच मागच्या फळीवरून आमची, दादानं पास केलेली बाटली काढली. "ही न्ह्या. सगळे हीच नेत्यात. लय चांगली हाय म्हंत्यात." आणि मला समजावं म्हणून पुढं म्हणाला, "कामाच्या माणसाला बरी पडती."

परसातल्या न्हाणीघराच्या आडोशाला दादानं ती उभ्या उभ्या घेतली. मी पाठ करून उभी होते. थोड्या वेळानं तो तोंड धुऊन आत गेला, आईजवळ पाटावर बसला आणि म्हणाला, "आई, भूक लागली." त्यानं भाकरी मोडली, कोरड्याशाच्या रश्शात बुडवली, एक थेंब सांडला नाही. आई त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "उतरला बघा ताप. घरी आला की माणूस बरा हुतो."

वहिनी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिल्या. मी आईच्या बाजूला बसले आणि जेवायला सुरुवात केली. मला कुणी विचारलं की घर म्हणजे काय, तर मला ऐरोलीची खोली आठवत नाही आणि गावही आठवत नाही. ते जेवण आठवतं. आई खुशीत होती, दादाचे हात स्थिर होते, आणि ते किती वेळ स्थिर राहतील हे तिच्याशिवाय आम्हां सगळ्यांना माहीत होतं.