ऊब, ओल आणि कुमुदताई

डॉ. कुमुदताई केळुसकर यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. जर्मनीतल्या आखन शहरातल्या आम्हा मराठी मंडळींनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा संपादकांनी मला आधीच दम भरला, "घाबरवणारं काही लिहू नका हं." आता ताईंबद्दल लिहायचं आणि अंगावर काटा येऊ द्यायचा नाही, हे कसं जमायचं?

मी यंत्रांचा माणूस. अन्नातल्या आणि रुग्णांच्या नमुन्यांतल्या घातक जंतूंचा छडा लागायला दोन-तीन दिवस जातात. त्याच दिवशी उत्तर देईल असं यंत्र ताई तयार करत होत्या आणि त्यातला नमुना तापवणारा-निववणारा ठोकळा बनवायचं काम माझ्याकडे होतं. मी रुजू झालो त्या दिवशी एका सहकाऱ्याचा वाढदिवस होता. इथल्या रिवाजाप्रमाणे त्याने पावावर डुकराच्या मांसाचा कच्चा खिमा लावून आणला. सगळ्यांनी चवीने खाल्ला. ताईंनी मात्र आपल्या वाट्याचा चिमूटभर खिमा हसतमुखाने तपासणीला लावला. "ती असली तर पडद्यावरची आडवी रेघ वर उठते," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत कुणी घरी गेलं नाही. सगळे पोटावर हात ठेवून त्या रेघेकडे बघत होते. रेघ उठली नाही, पण तो खिमा पुन्हा कुणी आणला नाही.

ताई जंतूला नेहमी 'ती' म्हणतात. दाराबाहेर कुणी बाई उभी असावी तसं हळू आवाजात विचारतात, "ती आहे का?" मी एकदा म्हटलं, "ताई, सरळ नाव घ्या ना!" त्या म्हणाल्या, "नावाने माणसं घाबरतात, आणि घाबरलेला माणूस नमुना नीट घेत नाही." कामाची शिस्त ही अशी.

पुढच्या हिवाळ्यात ती आमच्याच घरी आली.

सई तेव्हा पाच वर्षांची. मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देणारी. "एस टूट वे, बाबा," म्हणजे दुखतंय, एवढंच ती पोट धरून सांगत होती. मग शौचातून रक्त पडलं आणि तिला रुग्णालयात दाखल केलं. तिथला अहवाल परवा मिळणार होता. तोवर डॉक्टर प्रतिजैविक सुरू करणार होते. पालकांच्या संमतीने तिथले नमुने आमच्या यंत्रावरही येत. तसा सईचा आला. मी स्वतः बनवलेल्या ठोकळ्यासमोर उभा राहून देवाला विनवत होतो की हे यंत्र बिघडू दे. रेघ बराच वेळ निपचित पडून होती. मग तिने डोकं वर काढलं.

"आली," ताई पुटपुटल्या.

त्यांनी तत्काळ रुग्णालयात फोन केला. या जातीला काही औषधांनी मारायला गेलं, तर मरता मरता ती जास्तच विष सोडू शकते आणि ते मूत्रपिंडांवर जातं. पलीकडचे डॉक्टर म्हणाले, यंत्र अजून चाचणीत आहे. "जा, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, ताई म्हणाल्या, "म्हणून तुमची तपासणी चालू द्याच. पण तोवर औषध थांबवा." त्यांनी थांबवलं.

मी ताईंवर ओरडलो, "म्हणजे पोरीकडे नुसतं बघत बसायचं?"

"सलाईन द्यायचं आणि बघत बसायचं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. रुग्णालयाच्या अहवालातही तीच निघाली. सईची मूत्रपिंडं तगली.

पण ती आली कुठून? सांगलीहून आलेली माझी आई नातीला आवडीने मोड आलेल्या मटकीची कच्ची कोशिंबीर द्यायची. २०११च्या उन्हाळ्यात मोडांतूनच पसरलेल्या अशाच जंतूने उत्तर जर्मनी हादरली होती. पण ते दुकानातले मोड. आपले घरचे म्हणजे निर्धोक, असं आम्ही सगळे शहाणे समजत होतो. ताई घरी आल्या. खिडकीखालच्या हीटरवर फडक्यात बांधलेली मटकी होती. त्यांनी पुरचुंडीवर हलकेच तळवा ठेवला. "ऊब, ओल, अंधार. प्रयोगशाळेत वाढवताना मीही तिला हेच देते, काकू."

त्या मटकीचीही रेघ उठली. आईने अन्न टाकलं. "माझ्याच हातानं भरवलं हो मी पोरीला!" ताई तिच्याजवळ बसल्या. "काकू, बहुतेक बियाण्यातूनच ती आली. धुऊनही जात नाही. तुमच्या हाताचा दोष नाही. आता नवी मटकी घ्या, रटरटून शिजवा. मी जेवूनच जाणार." आणि खरंच, उसळ दोनदा मागून घेतली. आई त्या दिवशी जेवली.

सई घरी आल्यावर ताईंनी मला प्रयोगशाळेतला उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर उघडून दाखवला. पांढरी वाफ अंगावर आली. आत बारीक बारीक नळ्या. "ही सईची."

"अजून जिवंत आहे?"

"झोपली आहे. ऊब दिली की उठेल."

"ताई, जाळून टाका हो तिला!"

"इथे असली, तरच उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकरात ती ओळखता येईल," म्हणत त्यांनी दार लावलं आणि ओढून पाहिलं.

सई आता दुधाचे दात पडलेल्या तोंडाने खिदळत सायकल पिटाळते. तिच्या पोटातून आलेली ती मात्र त्या फ्रीझरमध्येच आहे, न म्हातारी होता. कुमुदताईंना निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. किती, ते मी मनाशी ठरवून टाकलं आहे: त्या नळीतल्या तिच्यापेक्षा एक दिवस तरी जास्त.