गेरू मी धुतला

आमच्या भावकीत एक कथा आजही मिटक्या मारीत सांगितली जाते. सत्तर सालानंतर कधीतरी माझ्या पायाला धावरे, म्हणजे कातडीवर पसरत जाणारी लाल सूज, झाले, चुलत्यांनी गेरूची रेघ ओढली आणि पाय वाचला! ही कथा धादांत खोटी आहे. पाय माझा होता. साक्षही माझीच धरली पाहिजे.

उसाला पाणी पाजताना खोडक्याच्या टोकाने नडगी खरचटली. पुढे ताप भरला, पाय सुजून लालबुंद झाला. चुलत्यांच्या मते ही लाली पुढे धावू नये म्हणून तिच्याभोवती गेरूची रेघ ओढायची, आणि ती पुसणाऱ्याच्या माथी मरण. लाली रोज रेघ ओलांडी आणि चुलते रोज नवी, अधिक रुंद रेघ फासत. अखेर पाय देवळाच्या भिंतीसारखा रंगला, तेव्हा मी एसटीने कऱ्हाड गाठले. मला उचलून नेले म्हणतात, तेही खोटे. लंगडत का होईना, मी माझ्या पायांनी गेलो.

"हे काय फासलंय?" डॉक्टरांनी विचारले.

"गेरू. चुलत्यांनी."

"मग लाली कुठवर आलीय ते चुलत्यांनाच विचारा. मला तर सगळाच पाय लाल दिसतोय."

"धुवा की मग!"

"मी नाही धुणार. उद्या काही झालं तर गाव म्हणेल, डॉक्टरनं रेघ मोडली."

"आणा पाणी. मी धुतो. मराण आलं तर माझं मला."

मी धुतला. तांब्याभर पाण्यात ती सारी विद्या मोरीतून वाहून गेली.

डॉक्टर म्हणाले, "खरचटलं तिथून जंतू आत शिरलेत आणि कातडीखालून पसरतायत. बाहेरच्या रंगाला ते काय भितात?" त्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले आणि लालीच्या कडेने पेनाने निळी रेघ काढली. "सकाळी लाली हिच्या बाहेर दिसली तर थेट मिरजेच्या मोठ्या इस्पितळात जा. उशीर केलात तर पाय जाईल."

"आन् आत ऱ्हायली तर?"

"तर पाय तुमचा."

घरी चुलत्यांनी आकांत मांडला. "रेघ धुतलीस? आता धावरं मोकाट सुटलं बघ!" ते गेरूची वाटी घेऊन आले. मी काठी उशाशी घेतली आणि बजावले, "आवं तात्या, पायाला हात लावाल तर नातं इसरंन."

उजाडताच पांघरूण सारले. लाली निळ्या रेघेपासून बोटभर आत सरकली होती! मी ओरडून सारे घर गोळा केले.

चुलते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ही बी रेघच हाय की रं! आमी तरी दुसरं काय वडलं हुतं?"

"तुमच्या रेघंनं रोग झाकला, तात्या. हिनं दावला."

उरलेली इंजेक्शने मी एकही न चुकवता घेतली. त्यानंतर उसाला पाणी पाजले ते मीच, याच पायावर सरीत उभा राहून. पलीकडच्या बांधावरून चुलते ते पाहत होते. आता त्यांना विचारायची सोय उरली नाही, म्हणून भावकीचे फावते. पण मी अजून आहे, आणि दोन्ही पायांवर आहे.