लग्नाच्या कॅसेटवरचा राक्षस

इब्राभाईने मला एकदा फसवलं होतं. आज सकाळी तो गेला, म्हणजे दुसऱ्यांदा फसवलं.

वर्कशॉपचं शटर उघडत होतो, तेवढ्यात गावाहून त्याच्या मुलीचा फोन.
"काका, अब्बा गेले."

मी "कधी?" एवढंच विचारलं.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं इथे बहारीनमध्ये, जिदहफ्सला एका खोलीत राहायचो. मी खेडचा, एसी मेकॅनिक. तो मंडणगडचा, कोल्ड स्टोअरमध्ये सेल्समन. कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. वयाने माझ्यापेक्षा मोठा, पण आमचं अरे-तुरेच.

दोन पलंग, एक सेकंडहँड व्हीसीआर आणि शुक्रवारची सुट्टी.

तो नमाज पढून आला की जेवण, आणि जेवण झालं की जपानी राक्षसांचे पिक्चर. समुद्रातून बिल्डिंगएवढा सरडा वर येणार, विजेचे टॉवर काडीसारखे मोडणार, माणसं मागे बघत बघत पळणार.

आवाज जपानी. खाली अक्षरं अरबी. आम्हाला दोन्ही मफी, म्हणजे शून्य.

पण इब्राभाई लहानपणी मदरशात अरबी वाचायला शिकलेला. वाचता यायचं, अर्थ लागायचा नाही. तरी पठ्ठ्या ओळन् ओळ मराठीत सांगायचा, ज्याच्या त्याच्या आवाजात. सायंटिस्टचा घोगरा, हिरॉईनचा बारीक.

"जनरल काय म्हणतोय?"
"म्हणतोय, यल्ला, रणगाडे काढा. माझी लीव्ह कॅन्सल झाली याच्यामुळे."

थापा आहेत हे मला कळायचं. माझे कान तिखट. कॉम्प्रेसर नुसता ऐकून बिघाड सांगतो, त्याच जोरावर हे वर्कशॉप उभं केलंय. जपानी माणूस एक शब्द बोलायचा आणि हा चार वाक्यं. पण मजा यायची, म्हणून मी कधी बोललो नाही.

पहिल्या भागात राक्षस मेला. दुसऱ्या भागात पुन्हा हजर.
"अरे, हा वितळला होता ना?"
"मेल्या, तो कसला मरतो! व्हिसा रिन्यू झालाय त्याचा."

त्याच उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न झालं. एसीचा ऐन सीझन, लीव्ह मिळाली नाही.

तेव्हा आमची घरची कार्यं अशीच व्हायची. मांडव तिकडे पडायचा आणि महिन्याभराने कुणाच्या तरी बॅगेतून कॅसेट इकडे यायची. घरी व्हीसीआर नव्हता. एकच कॉपी, ती माझ्याकडे आली.

इब्राभाई आणि मी शेजारी बसून बघितली.

सुरुवातीलाच आई. कॅमेरावाल्याने सांगितलं असणार, मुलाशी बोला. तिने पदर सारखा केला आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "सुरेश, तुझं पान मांडून ठेवलंय हो. कुणाला बसू दिलेलं नाही तिथे."

पुढेही काहीतरी म्हणाली. बरंच म्हणाली.

मी रडत होतो. ऐकलंच नाही.

म्हटलं, पुन्हा बघू. कॅसेट आहे की. तिच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मी मुद्दाम मोडून टाकला. तो मोडला की कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. पण ती पुन्हा लावायचा धीर काही झाला नाही.

आठ महिन्यांनी आई गेली. कॅसेट शोधली, सापडेना.

"मशीनने खाल्ली रे," इब्राभाई म्हणाला. "गुंता झाला नुसता. टाकून दिली. खलास."

त्याचा आवाज खाली गेलेला मला ऐकू आला होता. तरी विश्वास ठेवला. मित्राच्या आवाजातला बिघाड कोण शोधतं?

वर्षभराने एका शुक्रवारी एकटाच होतो. राक्षसाचा चौथा भाग लावला. पिक्चर संपला, चहा टाकायला उठलो, आणि मागून सनई ऐकू आली.

वळून बघतो तर पंगत. माझ्या बहिणीच्या लग्नाची.

शेवटपर्यंत बघितलं. आई कुठेच नाही. मग कॅसेट बाहेर काढली. मी तुकडा मोडला होता तिथे कुणीतरी चिकटपट्टी लावली होती. ती लावली की पुन्हा रेकॉर्ड होतं.

तो आल्यावर पुढ्यात ठेवली.

"भाड्याचा पिक्चर आणि कॉपीसाठी मागून आणलेला दुसरा व्हीसीआर, दोन्ही संध्याकाळी परत द्यायचं होतं," तो खाली बघत म्हणाला. "शुक्रवार, दुकानं बंद, कोरी कॅसेट मिळेना. वाटलं, लग्न तुझं बघून झालंय. पंगत ठेवली ना मी, सगळं नाही पुसलं."
"आणि मशीनने खाल्ली म्हणालास ते?"

त्याने चिकटपट्टीवर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आई काय बोलली ते मला पाठ आहे. शब्दन् शब्द. तिच्या आवाजात म्हणून दाखवू?"

जनरलचा आवाज काढणारा माणूस आता माझ्या आईचा आवाज काढणार!

मी बॅग भरली आणि सनाबिसला राहायला गेलो.

पुढे तो कायमचा गावी गेला. दर ईदला फोन करायचा, मी दोन मिनिटं बोलायचो.
मागच्या ईदला म्हणाला, "सुरेश, ये ना एकदा. तुझं ते ऐकायचं राहिलंय."
"बघू, इंशाल्ला."

इतकी वर्षं इथे काढल्यावर कुठलं इंशाल्ला "नाही" असतं, ते मला कळतं. त्यालाही कळलं.

पण खरं सांगतो, या सुट्टीत मंडणगडला जाणार होतो. समोर बसून म्हणणार होतो, बोल. त्याने पदरचं काही घातलं असतं तर मी ओळखलं असतं. आणि नसतं ओळखलं, तरी चाललं असतं.

आज मुलीला विचारलं, "माझ्या आईबद्दल काही बोलले का गं?"
"नाही काका. का?"

माफ केलंय असं लिहिणार नाही. केलेलं नाही. ती पंगतीची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. त्या गर्दीत आईचा आवाज कितीदा शोधला. नाही सापडत.

आज दुपारी, असरच्या नमाजानंतर दफन आहे. मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला यायला जमणार नाही. घरातून नेतानाचा व्हिडिओ पाठवते."

पाठव म्हटलं. तो मी नीट ऐकेन. आणि पुसणार नाही.

जा, इब्राभाई. रागासकट श्रद्धांजली.