मामांची पाण्याची पारख

पाण्याच्या बाबतीत माझ्या मामेसासऱ्यांइतका गर्विष्ठ माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात दुसरा झाला नसेल. जमीन, मेंढरं, डोक्यावरचं पागोटं, कशाचाच त्यांना फारसा अभिमान नव्हता. होता तो आपल्या जिभेचा. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी पाणी मागायचे, घोट तोंडात घोळवायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे : हे कालव्याचं, हे बोअरचं, हे कालचं शिळं. शिक्रापूरला एका लग्नात पहिल्याच घोटाला त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि ह्या टँकरातून आधी साखर कारखान्याची मळी वाहिलीय, असं भर मांडवात जाहीर केलं. वरपक्ष चिडला. पण टँकरवाल्याला विचारलं तर तो मान खाली घालून हसू लागला. मामा त्या दिवशी उपाशी आणि तहानलेले, पण अत्यंत समाधानाने घरी परतले.

लोक पाहुण्यांकडे जाताना केळी नेतात; मामा आमच्या शिरूरच्या घरी यायचे ते तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून. राहूच्या पलीकडे त्यांची धनगरवस्ती होती. तिथल्या ओढ्यात वाळू उकरून झिरा केलेला होता, त्यातलं ते पाणी. असलं गोड पाणी पुण्याच्या साहेबालाही मिळत नाही, असं माझ्या बायकोला बजावून ते त्याचाच चहा करायला लावायचे. मी दौंडच्या पंचायत समितीत पाणीपुरवठ्याचा कनिष्ठ अभियंता, आणि माझ्याच घरात मला तो चहा आणि त्याआधी पेलाभर तेच न उकळलेलं पाणी मुकाट्याने प्यावं लागे. दुसऱ्या दिवशी मी बहुधा रजेवर असे.

झिऱ्यातून माणसं पाणी भरत आणि चार पावलांवर मेंढरं पीत. उन्हाळा लागला की वस्तीतली पोरं जुलाबाने आडवी पडत. मामांची धाकटी मुलगी अशाच एका उन्हाळ्यात दोन दिवसांत गेली होती, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. दृष्ट लागली, असं मामा सांगत, आणि त्यापुढे कुणी विषय वाढवत नसे. मी झिऱ्याचं पाणी तपासायला पाठवलं. ‘पिण्यास अयोग्य’ असा अहवाल आला, तो त्यांना वाचून दाखवला. तपासणाऱ्याने पिऊन बघितलं का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर बोलणं संपलं.

तरीही नव्वदच्या दशकाच्या शेवटी वस्तीवर विहीर झाली. जागा मामांनीच दिली, कारण जावयाला नाही म्हणायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. बांधीव कठडा, वर झाकण, हातपंप, मेंढरांसाठी बाजूला कुंडी. पहिल्या दिवशी पाणी शुद्ध करायची पावडर मी स्वतःच्या हाताने टाकली आणि उत्साहात हात जरा सैल सुटला. म्होरकी मेंढी कुंडीशी आली, तिने हुंगलं, ती शिंकली आणि मागे फिरली. तिच्यामागे अख्खा कळप फिरला. मेंढरू सोडतं ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या वस्तीत कुणी पीत नव्हतं, आणि ह्या रिवाजाने त्यांचे कितीतरी जीव वाचलेही असतील. बाया हंडे घेऊन झिऱ्याकडे वळल्या. मामा मिशीत हसले. मला इतका राग आला होता, की त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवलोही नाही.

पुढे मी पावडर मोजून टाकू लागलो, सगळ्यांसमोर पाणी पिऊन दाखवलं. लोक माझं ऐकून घेत आणि मामांच्या तोंडाकडे बघत. मामा काही बोलत नसत, तेवढं पुरे होतं.

आणि एका उन्हाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या नातीला जुलाब लागले. जीपमध्ये घालून तिला दौंडला नेलं. सलाईन लावून डॉक्टरांनी विचारलं, घरात पाणी कुठलं पिता? सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या मामांनीच सांगितलं, झिऱ्याचं.

पोर वाचली. तिसऱ्या दिवशी जीपमधून उतरून मामा घरात न शिरता थेट हातपंपावर गेले. वस्ती गोळा झाली. त्यांनी तांब्याभर पाणी उभ्यानेच संपवलं. तोंड कडू झालेलं स्पष्ट दिसत होतं.

“चव न्हाई ह्याला,” ते म्हणाले. “वासबी येतोय. पर हितनं फुडं ह्येच प्यायचं. मेंढराला ह्यातलं कळत न्हाई, आन् मलाबी कळत नव्हतं.”

बायांनी हंडे लावले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं, पण मला आनंद मानता येईना. मामा कठड्याला टेकून खाली बसले आणि त्यांनी मला जवळ बोलावलं.

“जावईबापू, माझी पोरगी जायाच्या दिशी सारकी पानी मागत हुती. म्या दर येळेला झिऱ्यावर जाऊन ताजं आनलं. माझ्या हातानं पाजलं.”

तेव्हा झिऱ्याचं पाणी चांगलंच असेल, मी म्हणालो. पाण्याबद्दल मी आयुष्यात एवढं खोटं कधी बोललो नव्हतो.

“असंल,” मामा म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठले. त्यांना ते पटलं नव्हतं. माझं मन राखण्यासाठी त्यांनी हो म्हटलं होतं. आता मामा नाहीत. त्यांच्या गमती सांगताना आम्ही घरात अजून हसतो, पण त्या दिवशी उत्तर न देता मी त्यांच्याजवळ नुसतं बसायला हवं होतं, हे काही मनातून जात नाही.