परड्यात सोललेले वाल

पुण्याहून सकाळची गाडी सुटली तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. लढाईचे दिवस, साखर रेशनवर. पोटाला चिमटा काढून साठवलेली साखर आहेरात द्यायला घेतली होती, आणि एक गृहस्थ नेमके त्या पुड्यावर बसले. पुडा फुटला. वर मलाच म्हणाले, "बाईमाणसानं सामान पायाशी ठेवावं." घाट उतरेपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. कर्जतला मी उतरले तेव्हा ते झोपेचं सोंग घेऊन बसले होते.

मला जायचं होतं कशेळ्यापुढच्या एका वाडीत. आमच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या चंद्राचं लग्न होतं. चंद्रा तान्ही असताना तिची आई गेली, तिला वाढवलं सखूआतेनं, म्हणजे तिच्या विधवा आत्यानं. सुट्टी संपवून चंद्रा परत आली की डब्यातून आतेच्या हातचं वालाचं बिरडं यायचं. मुली त्या डब्यावर तुटून पडायच्या आणि मीही काही मागे राहायची नाही. ते बिरडं जिथलं तिथे जाऊन पाहावं, आमच्या महिला मंडळासाठी कृती लिहून आणावी, एवढाच माझा बेत होता.

कर्जतची सर्व्हिस मोटार पेट्रोलच्या टंचाईपायी कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ लागला की पुरुषांनी उतरून ढकलायची. मीही उठले तर ड्रायव्हर म्हणाला, "तुमी बसा बाई, तुमचं वजन काय जास्त नाय." त्या दिवसातलं माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच एक गोड वाक्य.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं मोकळी पडली होती आणि त्यांत वालाची काढणी चालली होती. ना विहीर दिसत होती, ना पाट. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, याला पाणी कुठून देता?

"पानी कशाला? भात कापलं की भुईत वल (ओल) ऱ्हाते. तिच्यावरच येतो वाल. म्हून तर कडू आन् म्हून तर ग्वाड."

कशेळ्याहून चालत वाडीत पोचले तेव्हा दुपार झाली होती. मांडवात बायका सुपं घेऊन बसल्या होत्या. वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले. कोमट पाण्यातून काढून बोटांनी चिमटलं की साल सुटते आणि पांढरी डाळिंबी हातात येते. इथली रीत अशी की लग्नाचे वाल आदल्या दिवशी साऱ्या वाडीनं मिळून सोलायचे. ज्या घरची बाई आली नाही ते घर रुसलं असं धरतात. तांदूळ सगळा सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेलेला, त्यामुळे यंदा पंगतीची सगळी भिस्त बिरड्यावरच होती.

मी सखूआतेला शोधत होते. चंद्राच्या चुलतीला विचारलं.

"ती परड्यात (घरामागच्या अंगणात) हाय, गोठ्याकडं. लग्नाच्या वालांना तिचा हात नाय चालत. सवाष्णींनीच सोलायचे."

"आणि रोजच्या वालांना चालतो?"

"रोजचं येगळं, बाई."

ती हे इतक्या सहज म्हणाली की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला नको नको ते बोलले. ज्या हातानं ही पोर वाढवली तो हात तुम्हाला अशुभ, आणि त्याच हातची भाकरी रोज गोड लागते? बायकांनी माना खाली घातल्या आणि सोलत राहिल्या. एकीनं मला पाणी आणून दिलं. त्याचाही मला राग आला.

तशीच परड्यात गेले. आते गोठ्याच्या भिंतीशी बसून वैरण सारखी करत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"भांडू नका, बाई. तुमी परवा जाल, मला हितंच ऱ्हायचं हाय. उद्या पोरीला सासरी काय झालं, तर गाव माज्याच हाताकडं बोट दाखवंल. तिच्या जिवापरीस का वाल मोठे हायेत?"

त्यानं मी आणखीच चिडले.

एवढ्यात मांडवात गलका झाला. सकाळीच हळद लागलेली चंद्रा पाटावरून उठली होती, आणि एक भरलेलं सूप उचलून सरळ मागच्या दाराकडे निघाली होती. हळदीच्या नवरीला इथे क्षणभरही एकटी सोडत नाहीत, काही बाधेल म्हणतात. चुलती ओरडली, "चंद्रे, एकटी कुठं चाललीस गं?"

"मंग या की संगती."

ती आतेसमोर सूप ठेवून बसली. आते घाबरून उठायला लागली तशी तिनं तिचा पदर धरला. "तू हात लावू नको, आते. मला रीत मोडायची नाय. तू निस्ती बस."

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. दारात सवाष्णी एकमेकींकडे बघत राहिल्या. नवरीला एकटी टाकायची सोय नव्हती. एक आली, मग दुसरी, शेवटी चुलतीही आपलं सूप घेऊन गोठ्याशी येऊन बसली. मीही बसले. आते मधोमध, हात पदराखाली.

जरा वेळानं कुणीतरी विचारलं, "आते, ही ल्हानपनी लई रडायची ना गं?"

"रडंल नाय तर काय? दूध कुठं व्हतं? वालाच्या कढणावर जगवली मी तिला. मोड काढायचे, सोलायचे, शिजवायचे आन् वरचं पानी पाजायचं."

बायकांचे हात थांबले. चुलतीनं नाक ओढलं. पण 'आते, घे, तूही सोल' असं कुणीच म्हणालं नाही. अगदी कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पंगतीत बिरडं वाढलं, आमसूल, गूळ, ओलं खोबरं, सगळं जिथल्या तिथे. लोक वाहवा करत होते. आते गोठ्यापाशी सगळ्यांच्या शेवटी जेवली.

वरात गेली, मांडव ओस पडला. मी परड्यात गेले तर आते सूप मांडीशी घेऊन उरलेले वाल सोलत होती. बोटं अशी चालत होती की साल कधी सुटते ते दिसत नव्हतं.

"लगीन लागलं," ती म्हणाली. "आता चालतो माजा हात." आवाजात रागाचा लवलेश नव्हता. तिच्या वाट्याचाही राग मलाच आला होता.

सोललेले वाल तिनं पळसाच्या पानांत बांधून माझ्या पिशवीत घातले. दुसऱ्या दिवशी ते मी घाट चढवून घरी आणले आणि तिनं सांगितलं तसे शिजवले. घरची माणसं बोटं चाटत राहिली.

मंडळाच्या बायका रोज कृती मागतात. ओवा किती, गूळ किती, ते सगळं सांगेन. पण पहिली ओळ मी अशी लिहिणार आहे: वाल सोलायला बसण्याआधी मागच्या परड्यात कोण बसलंय ते बघून या.